विषय: शनिवारची आरती, बंद खिडक्या आणि धुराचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.
शनिवारची आरती ठरल्याप्रमाणे आमच्याकडेच होईल. मात्र धाकट्याची रॅगवीड या तणाच्या परागांची अ‍ॅलर्जी यंदा बळावल्यामुळे कडक दंव पडेपर्यंत खिडक्या उघडू नयेत, असे डॉक्टरांनी बजावले आहे. शिकागोच्या परिसरात ऑगस्टच्या मध्यापासून हे परागकण सुटतात आणि गणपती नेमके त्यातच येतात. आमचा चुलीवरचा हूड धूर बाहेर टाकत नाही, कोळशाच्या जाळीतून फिरवून हवा पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो. त्यामुळे तळण, धूप आणि कापूर यांचा धूर कोंडून राहील. गेल्या वर्षीप्रमाणे मागचे दार उघडे ठेवता येणार नाही. हवेतले बारीक कण गाळणारे हेपा फिल्टरचे यंत्र कोणाकडून उसने मिळेल का?
– यजमानांकडून

ताई,
आमचे यंत्र शुक्रवारी घेऊन जावे. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो, त्यामुळे पराग आणि धुराचे कण यांवर तो उत्तम चालतो; वायू आणि वास मात्र त्यातून पार होतात. त्यातल्या आयोनायझरचे (हवेतील कणांना विद्युतभार देणाऱ्या सोयीचे) बटण कृपया बंदच ठेवावे, कारण त्यातून ओझोन तयार होऊ शकतो आणि तो श्वसनमार्गाला त्रासदायक असतो. शिवाय फर्नेसचा, म्हणजे घरभर गरम-थंड हवा फिरवणाऱ्या यंत्रणेचा, फिल्टर बदलून घ्यावा, यंत्रणेला झेपत असेल तर मर्व्ह १३ (फिल्टर किती बारीक गाळतो याची श्रेणी) घ्यावा, आणि थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’वर ठेवावा, म्हणजे कूलिंग थांबले तरी हवा गाळली जात राहील. फिल्टरच्या पुठ्ठ्यावर छापलेला बाण फर्नेसच्या दिशेने हवा. आमचा जुना फिल्टर काढला तेव्हा घड्यांमध्ये राखाडी लव इतकी दाटली होती, की आतली तार दिसत नव्हती.
– ग्रंथालय समिती

पूजासाहित्याचे निर्णय पूजा समिती घेते. ते यंत्रांच्या चर्चेत परस्पर होऊ नयेत, एवढी विनंती. माझे स्वतःचे मत स्पष्ट आहे: मूल खोकत असताना धूप लावण्यात कसलेही पुण्य नाही. समई आणि तुपाचे निरांजन पुरेसे आहे, आणि कापूर अंगणात, दार लोटून घेऊन लावावा. आधी धूर करायचा आणि मग तो गाळत बसायचे, हे मला पटत नाही.
– पूजा समिती

पूजा समितीच्या काकांचे म्हणणे योग्य आहे, आणि त्याच न्यायाने तळणीचे मोदक न करता उकडीचे करावेत. पुऱ्या मी घरून तळून आणीन, कारण आमचा हूड धूर थेट बाहेर टाकतो. मात्र तळघरातल्या सतरंज्या कोणी आणू नयेत. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर राहिली की धुळीतले माइट्स, म्हणजे अ‍ॅलर्जी वाढवणारे सूक्ष्म जीव, फोफावतात, आणि त्या तळघरात हवेतला ओलावा शोषणारा डीह्युमिडिफायर नाही.
– भोजन समिती

सतरंज्या सांस्कृतिक समितीच्या ताब्यात असतात आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर उन्हात टाकल्या जातात. माइट्स मारायचे तर ५४ अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवावे लागते. एवढ्या मोठ्या सतरंज्या घरच्या यंत्रात मावत नाहीत. डीह्युमिडिफायरसाठी निधीची मागणी आम्ही पूर्वीच केलेली आहे, याची कार्यकारिणीने नोंद घ्यावी.
– सांस्कृतिक समिती

सर्वांचे आभार. सतरंज्या नकोतच, दिवाणखान्यात लाकडी जमीन आहे, ती मी ओल्या फडक्याने पुसून ठेवीन. ज्येष्ठांसाठी घडीच्या खुर्च्या लागतील. कुंपणालगत रॅगवीड माजले आहे, म्हणून कृपया सर्वांनी पुढच्याच दाराने यावे आणि कापूरही पुढच्या ओट्यावरच लावावा.
– यजमानांकडून