अनुभव धागा : आर.ई.एम.चे पंधरा अल्बम आपण कोणत्या क्रमाने ऐकलेत?

आर.ई.एम. हा अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात १९८० साली जमलेला चौघांचा रॉक बँड. गायक मायकल स्टाइप, गिटारवर पीटर बक, बेसवर माइक मिल्स आणि ड्रम्सवर बिल बेरी. २०११ मध्ये त्यांनी काम थांबवले, तोपर्यंत त्यांचे पंधरा स्टुडिओ अल्बम झाले होते. आपल्याकडे मात्र बहुतेकांना त्यांचे मेंडोलिनने सुरू होणारे १९९१चे ‘लूझिंग माय रिलिजन’ हे एकच गाणे ठाऊक असते. त्या गाण्यावर न थांबता जे मागे किंवा पुढे गेले, त्यांच्यासाठी हा धागा आहे. श्रेष्ठ अल्बम कोणता हा वाद येथे नको. आपण कुठून सुरुवात केलीत, कुठे अडलात आणि त्या क्रमामुळे काय वेगळे ऐकू आले, एवढेच लिहावे. पहिला अनुभव माझाच देतो.

आमच्या घरी केबल नुकतीच आली होती, तेव्हा हे गाणे एमटीव्हीवर पाहिले. शीर्षकाचा शब्दशः अर्थ लावून घरात थोडी कुजबुजही झाली. अमेरिकेच्या दक्षिणेत हा संयम सुटल्याचे सांगणारा बोलीतला वाक्प्रयोग आहे, हे पुष्कळ नंतर कळले. मुंबईतल्या काळ्या घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’ या संगीताच्या दुकानातून पुढे ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ (१९९२) घेतला आणि हा बँड आपल्याला समजला, असे मी दहा वर्षे मानत राहिलो. मग अमेरिकेहून आलेल्या मावसभावाने त्यांचा पहिला अल्बम ‘मर्मर’ (१९८३) हातात ठेवला आणि मला त्यातले एक वाक्यही धड कळेना. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला इंग्रजी गाणे कळले नाही, तर तो दोष निमूटपणे आपल्या पदरात घेतो. मीही वही काढली, एकेक ओळ दहादा ऐकून उतरवू लागलो आणि दर वेळी निराळेच शब्द हाती आले. पुढे वाचनात आले की, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही ते शब्द लागत नव्हते, आणि एखाद्या अल्बमसोबत सगळ्या गाण्यांचे शब्द छापण्याची प्रथा या बँडने १९९८च्या ‘अप’पासून सुरू केली. त्या दिवशी वही मिटली. तराणा ऐकताना आपण अर्थ विचारत नाही, मग येथेच का विचारावा? शब्दांचा नाद सोडल्यावर मला प्रथमच मिल्सचा बेस नीट ऐकू आला, जो साथ करण्याऐवजी स्वतंत्र चाल गात असतो. आणि सगळ्या तारा एकदम न झोडपता एकेक तार सुटी छेडणारा बकचा हातही.

पुणे

माझा मार्ग अगदी शिस्तीचा होता: १९८३पासून क्रमाने, दर आठवड्याला एक अल्बम. लहानपणी सहा वर्षे तबला शिकल्यामुळे माझा कान आधी ठेक्याकडे जातो, आणि बेरी मला पहिल्या दिवसापासून आवडला, कारण तो आपली तयारी दाखवत नाही. तुकडे-मुखडे उधळण्याऐवजी तो गाण्याला आधार देऊन बसतो. पहिले दहा अल्बम त्याच्यासह आहेत. ऑक्टोबर १९९७मध्ये तो बँड सोडून शेती करायला गेला, हे मला तेव्हा माहीत नव्हते, आणि मुद्दामच मी आधी काही वाचत नव्हते. अकरावा अल्बम ‘अप’ लावला तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यातच अस्वस्थ वाटू लागले. ड्रम मशिन होते, कीबोर्ड होते, सूर तेच होते, पण घरातले एक माणूस जेवायला बसलेले नाही, असे काहीतरी वाटत राहिले. मग कारण शोधले. बेरी गेल्यावर स्टाइप म्हणाला होता की, तीन पायांचा कुत्रासुद्धा कुत्राच असतो, त्याला फक्त निराळ्या रीतीने धावायला शिकावे लागते. गंमत अशी की, ‘एव्हरीबडी हर्ट्स’ हे गाणे मुख्यतः बेरीचे, आणि त्यात सुरुवातीपासून चालणारा ठेका यंत्राचाच आहे. म्हणजे यंत्र आले म्हणून जीव गेला, एवढे हे सोपे नाही. तरीही ‘अप’ मला तिसऱ्या खेपेला आवडला, आणि आता तो माझ्या पहिल्या पाचांत आहे.

अटलांटा

येथून अथेन्स गाडीने दीड तासावर आहे, त्यामुळे माझे ऐकणे आणि पाहणे एकत्रच झाले. ५ एप्रिल १९८० रोजी ज्या जुन्या चर्चमध्ये या चौघांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवले, त्याचा आता केवळ मनोरा उभा आहे. ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ हे नाव त्यांनी गावातल्या ‘वीव्हर डीज’ या खानावळीच्या ब्रीदवाक्यावरून घेतले. मला सर्वांत अधिक उलगडा झाला तो ‘मर्मर’च्या मुखपृष्ठाचा. त्यावर एक वेल सगळे काही गिळून बसलेली दिसते. ती कुडझू. आशियातून आणलेली आणि १९३०च्या दशकात जमिनीची धूप थांबवण्यासाठी मुद्दाम लावलेली ही वेल आता झाडे, खांब, पडकी घरे, काहीही पांघरून टाकते. आमच्या कोकणातल्या बागेत रानमोडीने जे केले, तेच येथे कुडझूने केले आहे. रस्त्याच्या कडेला तिचे ते हिरवे ढिगारे पाहिल्यावर त्या अल्बममधला धूसर, आच्छादलेला आवाज मला एकदम ओळखीचा वाटला.

कोल्हापूर

वेगळा सूर लावतो, राग नसावा. पंधराही अल्बम ऐकण्याचा संकल्प मी केला होता, पण २००४च्या ‘अराउंड द सन’ने तो मोडला. नीटनेटका, संथ आणि पुसट असा तो अल्बम आहे. दोनदा झोप लागली. आवडत्या बँडचे सगळेच ऐकले पाहिजे, ही सक्ती मला अभ्यासासारखी वाटते. तीन अल्बमांवर मी सुखी आहे.

नाशिक

माझा लाडका दहावा, ‘न्यू अ‍ॅडव्हेंचर्स इन हाय-फाय’ (१९९६), आणि त्याच्याकडे मी सर्वांत शेवटी वळले. १९९५च्या दौऱ्यात स्वित्झर्लंडमधील लोझान येथे कार्यक्रम चालू असताना मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने बेरी कोसळला. त्याच दौऱ्यात मिल्सवर आतड्याची आणि स्टाइपवर हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. इतके होऊनही दौरा पुरा झाला, आणि या अल्बममधले बरेचसे संगीत त्याच दौऱ्यातल्या मैफिलींत आणि त्यांच्या आधीच्या ध्वनिचाचण्यांत मुद्रित झाले. हे ठाऊक नसतानाही मला तो प्रवासाचाच अल्बम वाटला होता, कदाचित मी तो नाशिक-पुणे एसटीत ऐकल्यामुळेही असेल. त्यात सात मिनिटांहून मोठे ‘लीव्ह’ नावाचे गाणे आहे, ज्यात भोंग्यासारखा एक आवाज सतत वरखाली होत राहतो. संगमनेरच्या आसपास मी दोनदा कानातले इअरफोन काढून खिडकीबाहेर रुग्णवाहिका शोधली. शेजारच्या आजींनी काळजीने विचारले, “काय झालं गं?” त्यांना एका कानाला लावून ऐकवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, हे बंद कर आधी.”

म्हापसा

कोणी ‘डेड लेटर ऑफिस’चे नाव कसे घेतले नाही? १९८७चा हा संग्रह पंधरांत मोजला जात नाही, कारण तो तबकड्यांच्या मागच्या बाजूंवर पडून राहिलेल्या गाण्यांचा आहे. त्यात व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या जुन्या बँडची तीन गाणी आर.ई.एम.ने वाजवली आहेत. मी तेथून जो व्हेल्व्हेट अंडरग्राउंडकडे गेलो, तो दोन वर्षे परतलो नाही.

डोंबिवली

शेवटचा अल्बम ‘कोलॅप्स इंटू नाऊ’ मी मार्च २०११मध्ये, निघाल्या निघाल्या घेतला. मुखपृष्ठावर स्टाइपने हात वर केला आहे. मला वाटले, तो ‘या’ म्हणतो आहे. २१ सप्टेंबरला बँड थांबल्याचे जाहीर झाले आणि तो हात निरोपाचा होता, हे मागाहून त्यांनीच सांगितले. सहा महिने चित्र माझ्या टेबलावर होते.

गेल्या वर्षीपासून मी सगळे अल्बम उलट्या क्रमाने ऐकतो आहे. पुण्याच्या ताईंना हा क्रम सुचवावासा वाटतो, कारण या दिशेने गेल्यास पाच अल्बम संपल्यावर बेरी परत येतो. शब्द मात्र हळूहळू अस्पष्ट होत जातात. सध्या १९८८च्या ‘ग्रीन’पाशी पोहोचलो आहे, ‘मर्मर’ला आणखी पाच अल्बम आहेत.