स्पेअर पार्टचा डिजिटल कॅटलॉग मॉडेलनुसार असावा की सिरियल नंबरनुसार?

प्रस्ताव : सेवा अभियंता, पिंपरी-चिंचवड

औद्योगिक पंप आणि कॉम्प्रेसर यांच्या देखभालीचे काम करताना स्पेअर पार्ट कॅटलॉगच्या आधुनिकीकरणाविषयी सतत ऐकायला मिळते, आणि त्या बोलण्याचा रोख जवळजवळ नेहमी चित्रांवर असतो. यंत्राचे त्रिमितीय चित्र फिरवता यावे, भागावर बोट ठेवताच पार्ट नंबर दिसावा, तो थेट मागणीपत्रात जावा, अशी ती अपेक्षा असते. या सोयी उपयोगी आहेत, यात वाद नाही. परंतु कारखान्यात चुकीचा भाग येऊन पडतो तेव्हा बहुतेक वेळा चित्र स्पष्टच असते. चित्रातले यंत्र आणि फाउंडेशनवर उभे असलेले यंत्र मात्र एक नसते.

एकच मॉडेल पंधरा-वीस वर्षे बनत राहते. या काळात शाफ्ट स्लीव्हचा (शाफ्टवर चढवलेल्या संरक्षक नळीचा) व्यास बदलतो, शाफ्टभोवतीची गळती रोखणाऱ्या ग्लँड पॅकिंगच्या जागी मेकॅनिकल सील येते, इंपेलरचा (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाचा) धातू बदलतो. डिझाइन विभाग प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो आणि तो कोणत्या सिरियल नंबरपासून लागू झाला हेही तिथे लिहिलेले असते; कॅटलॉगमध्ये मात्र फक्त शेवटची आवृत्ती पोहोचते. पार्ट नंबर बदलतो तेव्हाही असेच होते. नवा भाग जुन्या यंत्रात बसतो, पण स्टोअरमध्ये शिल्लक असलेला जुना भाग नव्या यंत्रात बसेलच असे नाही. कधी एका जुन्या भागाऐवजी नवा भाग, त्याची गॅस्केट आणि लांब बोल्ट असा संपूर्ण संच घ्यावा लागतो. "जुना नंबर रद्द, नवा नंबर अमुक" एवढ्या एका ओळीत यातले काहीच कळत नाही.

बेरिंगसारख्या प्रमाणित भागातही अपुरी माहिती महागात पडते. ६२०५ म्हटले की २५ मिलिमीटर भोक, ५२ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि १५ मिलिमीटर रुंदी एवढे कळते. रबरी सील हवे की पत्र्याचे शील्ड, आतली ढील सामान्य हवी की सी-३ (त्याहून जास्त), हे पुढच्या अक्षरांवरून ठरते. गरम चालणाऱ्या मोटरमध्ये सी-३ ऐवजी सामान्य ढिलाईचे बेरिंग बसवले तर ते व्यवस्थित बसते, फिरते आणि अकाली निकामी होते. ज्या कॅटलॉगमध्ये नुसते "बॉल बेरिंग ६२०५, नग २" लिहिले आहे, तो पडद्यावर कितीही सुबक दिसला तरी अपुराच आहे.

साखर कारखान्यात याची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि त्यानंतर काही महिने यंत्रे अहोरात्र चालतात. इंजेक्शन पंप बंद पडला तर कंडेन्सरला पाणी मिळत नाही, रस आटवणाऱ्या पॅन आणि इव्हॅपोरेटरचा व्हॅक्यूम जातो आणि गाळप थांबवावे लागते. तोडलेला ऊस यार्डात वाळत राहतो, त्यातली साखर दर तासाला घटते. अशा वेळी पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेली स्लीव्ह शाफ्टवर चढत नसेल, तर तो दोष कॅटलॉगचा आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की कॅटलॉग सिरियल नंबर विचारूनच उघडावा आणि त्या यंत्राचेच भाग दाखवावेत. त्यासाठी नेमप्लेटवर क्यूआर कोड असावा; प्रत्येक यंत्राला जागतिक पातळीवर एकमेव ओळख देणारा दुवा कसा असावा, याचे आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग) ६१४०६ हे मानक २०२२ मध्ये आलेले आहे. त्रिमितीय चित्रांचा खर्च त्यानंतर करावा.

विरोधी प्रतिसाद : लघुउद्योजक, कोल्हापूर

आमचा कारखाना शिरोली औद्योगिक वसाहतीत असून आम्ही पंप आणि त्यांचे कास्टिंग बनवतो. प्रस्तावकांनी मांडलेली अडचण खरी आहे, पण त्यांचा उपाय मोठ्या कंपनीच्या तिजोरीकडे पाहून सुचवलेला आहे. आमच्याकडे जुनी ड्रॉइंग ट्रेसिंगवर आणि अमोनिया प्रिंटवर आहेत. बदलाच्या नोंदी काही फायलींत, काही पॅटर्न शॉपच्या (ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या विभागाच्या) वहीत, तर काही निवृत्त झालेल्या फोरमनच्या डोक्यात आहेत. तीस वर्षांत विकलेल्या प्रत्येक पंपाची भागयादी सिरियल नंबरनुसार पुन्हा तयार करायची, तर दोन जाणती माणसे काही वर्षे तेच काम करत बसतील, आणि ती माणसे आज मिळत नाहीत.

दुसरा मुद्दा मी अधिक स्पष्टपणे मांडतो, कारण तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. लहान पंपाच्या मूळ विक्रीत नफा अगदी थोडा उरतो आणि सेवा विभागाचा खर्च स्पेअर पार्टमधूनच निघतो. बेरिंग आणि सील आम्ही बाहेरून घेतो. त्यांचा मूळ उत्पादकाचा संपूर्ण नंबर कॅटलॉगमध्ये छापला तर गिऱ्हाईक ते बाजारातून परस्पर घेईल, आणि इंपेलरची मापे दिली तर दोन महिन्यांत त्याची नक्कल निघेल. नक्कल केलेला इंपेलर बॅलन्स न करता बसवला जातो, पंप थरथरतो, बेरिंग जाते आणि नाव आमचे खराब होते. कॅटलॉग मोघम ठेवण्यामागे आळस आहे असे समजणे अन्यायाचे आहे. पुष्कळदा तो स्वसंरक्षणाचा उपाय असतो.

प्रतिसाद : भांडारपाल, सहकारी साखर कारखाना

माझा आक्षेप निराळा आहे आणि तो दोघांनाही लागू होतो. सिरियल नंबर नेमप्लेटवर असतो, पण पाच-सात हंगाम झाल्यावर त्या नेमप्लेटमागे तेच यंत्र उरलेले नसते. हंगामाच्या मध्यात एका पंपाचा रोटर (शाफ्टसह फिरणारा भाग) दुसऱ्यात बसवला जातो. शाफ्ट झिजला की स्थानिक वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून, टर्निंग करून पुन्हा वापरला जातो आणि त्या मापाला बसेल अशी स्लीव्ह तिथेच तयार होते. ऑफ सीझनच्या ओव्हरहॉलिंगमध्ये पॅकिंगचा पंप सीलवर नेला जातो. उत्पादकाचा डेटा कितीही अचूक असला तरी तो यंत्र कारखान्याच्या फाटकाबाहेर पडले त्या दिवसाचा आहे. सिरियल नंबर टाकल्यावर पडद्यावर ठामपणे एकच भाग दिसेल, नवीन मुलगा त्यावर विश्वास ठेवून मागणी करेल, आणि मोघम कॅटलॉग पाहून निदान प्रत्यक्ष माप घेण्याची जी सवय होती तीही जाईल. मला ही भीती गंभीर वाटते.

म्हणून कॅटलॉगमध्ये ग्राहकाने स्वतः नोंद करण्याची जागा हवी: अमुक तारखेला रोटर बदलला, शाफ्टचे सध्याचे माप इतके. मुख्य म्हणजे ही माहिती आम्हाला उतरवून घेता आली पाहिजे. आमच्या स्टोअरचे स्वतःचे आयटम कोड आहेत. एकच ऑइल सील तीन यंत्रांच्या नावाखाली तीन कोडांनी पडलेले असते आणि एका कोडाखाली शिल्लक शून्य दिसली की नवी खरेदी होते. उत्पादकाची यादी तक्त्याच्या स्वरूपात मिळाली तर ही पुनरावृत्ती शोधता येते; संकेतस्थळावर नुसती पाहता येणारी यादी या कामाची नाही. त्याच तक्त्यात प्रत्येक भागाचा एचएसएन कोडही (जीएसटीसाठीचा वस्तू-वर्गीकरण क्रमांक) असावा. बेरिंग ८४८२ मध्ये, मेकॅनिकल सील आणि गॅस्केट ८४८४ मध्ये, पंपाचे भाग ८४१३ मध्ये येतात. पुरवठादार सरसकट सगळे एकाच शीर्षाखाली टाकतो आणि बिल जुळवताना लेखा विभागाशी वाद होतो.

प्रस्तावकाचे उत्तर

भांडारपालांचा मुद्दा माझ्या प्रस्तावातली खरी उणीव दाखवतो. कॅटलॉगला दोन थर हवेत, हे मला मान्य आहे: यंत्र कसे बनले आणि यंत्र आज कसे आहे. पण दुसरा थर पहिल्यावरच उभा राहतो. मूळ स्लीव्ह कोणत्या व्यासाची होती हे माहीत नसेल तर ती बदलली आहे ही नोंद तरी कशाच्या आधारे करणार?

कोल्हापूरच्या प्रतिसादकांशी मात्र मी सहमत नाही. बेरिंगचा नंबर बेरिंगच्या कडेवर कोरलेला असतो. यंत्र उघडणाऱ्या प्रत्येकाला तो दिसतो. तो लपवल्याने नक्कल थांबत नाही, फक्त प्रामाणिक गिऱ्हाईक यंत्र उघडेपर्यंत ताटकळते. इंपेलरची मापे छापा असे मी कुठेही म्हटलेले नाही. पार्ट नंबर, तो लागू असलेली सिरियल नंबरांची मर्यादा, धातू किंवा रबराचा प्रकार आणि बदली भागाची अट एवढे दिले तरी पुरे, आणि यातल्या एकाही गोष्टीवरून इंपेलर ओतता येत नाही.

प्रतिसाद : स्वतंत्र यंत्रदुरुस्ती करणारा, इचलकरंजी

या चर्चेत यंत्राचा पहिला मालक गृहीत धरला आहे. आमच्या गावात युरोपातून जुने म्हणून आलेले रेपियर (धोट्याविना विणणारे) माग मोठ्या संख्येने चालतात. त्यांचा सिरियल नंबर टाकला की संकेतस्थळ खाते मागते, खाते उघडायला मूळ खरेदीचे बिल मागते, आणि ते बिल परदेशातल्या बंद पडलेल्या गिरणीच्या नावाचे असते. छापील पुस्तिका यंत्राबरोबर यायची आणि यंत्राबरोबर पुढच्या मालकाकडे जायची. डिजिटल झाल्यावर तीच माहिती कुलपात गेली, आणि सिरियल नंबरची सक्ती केली तर ते कुलूप आणखी पक्के होईल. माझा विरोध एवढ्यासाठी आहे.

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, तेव्हा शेतीची उपकरणे, मोबाइल व टॅबलेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली. त्यात माग नाही, कारखान्यातला पंप नाही, कॉम्प्रेसर नाही. अमेरिकेत शेतकऱ्यांनी हा प्रश्न लावून धरल्यावर कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा कायदा केला. त्यात उत्पादकाने सुटे भाग, साधने आणि माहितीपुस्तिका मालकाला आणि स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यालाही उपलब्ध करून देणे अपेक्षित आहे. आपल्याकडे कारखान्यातल्या यंत्राच्या मालकाला असा आधार नाही. म्हणून कॅटलॉगची रचना ठरवतानाच तो खुला ठेवायचा की नाही हे ठरले पाहिजे.

लघुउद्योजक, कोल्हापूर, पुन्हा

खुलेपणाला माझी हरकत किमतीपुरती आहे. भाग कोणता हे दिसावे, पण किंमत विचारणा केल्यावरच कळावी. आमचे वितरक जिल्ह्यागणिक वेगळ्या अटींवर काम करतात. जुन्या यंत्राच्या दुसऱ्या मालकाला नेमप्लेटचे छायाचित्र पाठवल्यावर यादी मिळावी, हे मला रास्त वाटते आणि आमच्याकडे आजही फोनवर तेच चालते. सिरियल नंबरनुसार याद्या यंदापासून विकल्या जाणाऱ्या पंपांच्या करता येतील. मागच्या तीस वर्षांचे मी पत्करू शकत नाही.

प्रतिसाद : सॉफ्टवेअर क्षेत्रातील अभियंता, पुणे

भागाचे छायाचित्र काढून तो ओळखणारी प्रणाली आता परवडण्याजोगी झाली आहे. ती वापरल्यास जुन्या याद्या हाताने भरण्याची गरजच उरणार नाही.

भांडारपालांचे उत्तर

छायाचित्रावरून आकार कळतो, पदार्थ कळत नाही. नायट्राइल रबराची ओ-रिंग काळी असते आणि ईपीडीएम या दुसऱ्या रबराचीही काळीच असते. ईपीडीएमची ओ-रिंग खनिज तेलात फुगून निकामी होते. शिवाय ज्या भागाची गरज पडते तो बहुधा तुटलेला, झिजलेला किंवा जळालेला असतो. शोध सुरू करायला छायाचित्र चालेल, पण मागणीपत्रावर त्याच्या भरवशावर सही करता येणार नाही.

स्वतंत्र यंत्रदुरुस्ती करणारा, इचलकरंजी

यंदापासूनच्या यंत्रांना माहिती आणि जुन्यांना नाही, ही विभागणी उलटी आहे. नवे यंत्र वॉरंटीत असते आणि कंपनीचा माणूस येतो. बंद पडतात ती जुनी यंत्रे.

प्रस्तावकाचे शेवटचे उत्तर

या आक्षेपात तथ्य आहे, आणि खर्चाची अडचणही खरी आहे. दोन्हींतून वाट निघते ती कामाच्या क्रमातून. तीस वर्षांच्या याद्या एकदम करायच्या नाहीत. ज्या जुन्या पंपासाठी विचारणा येईल त्याचेच ड्रॉइंग काढावे, भाग निश्चित करावा आणि उत्तर देताना ती यादी, सिरियल नंबरच्या मर्यादेसह, कॅटलॉगमध्ये कायमची नोंदवावी. ड्रॉइंग शोधण्याचे काम सेवा विभाग आजही प्रत्येक विचारणेसाठी करतोच, पण उत्तर फोनवर देऊन मोकळा होतो आणि पुढच्या वर्षी तेच ड्रॉइंग पुन्हा शोधतो. जी यंत्रे वारंवार दुरुस्तीला येतात त्यांच्या याद्या या पद्धतीने आधी पूर्ण होतील, आणि जे पंप भंगारात गेले त्यांच्यावर कोणाचा तासही खर्च होणार नाही. फोरमनच्या डोक्यातली माहिती मात्र विचारणेची वाट पाहू शकत नाही. ते निवृत्त झाले असले तरी त्यांना मानधन देऊन पॅटर्न शॉपच्या वह्या त्यांच्यासमोर उघडाव्यात, आणि हे काम येत्या गळीत हंगामाच्या आधी सुरू करावे, अशी माझी कोल्हापूरच्या प्रतिसादकांना विनंती आहे.