कुत्र्याच्या डोळ्याभोवतीचे केस चाललेत आणि डोळाही लाल, लूत आहे का?

बंड्याची_ताई:
नमस्कार मंडळी. आमचा बंड्या गावठीच, सात महिन्यांचा, पावसाळ्यात गटाराकडेला कुईकुई करताना सापडलेला. पंधरावीस दिवस झाले डाव्या डोळ्याभोवतीचे केस जायला लागलेत, आधी वाटलं भांडून आला असेल, पण आता रुपयाएवढं टक्कल पडलंय. ओठाच्या कडेलाही एक चट्टा आहे. खाजवत फारसा नाही. पण परवापासून तोच डोळा लालभडक, पाणी गळतंय, सकाळी चिपडानं पापण्या चिकटलेल्या असतात आणि उन्हात नेला की डोळा गच्च मिटून घेतो. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे ड्रॉप फ्रीजमध्ये पडलेत, ते घालू का? शेजारच्या काकू म्हणतात लूत आहे, पोरांना लांब ठेवा. माझी धाकटी तर त्याच्या अंगावरच लोळत असते.

माळावरचा_आबा:
ताई गॅरेजमधलं जळकं ऑईल चोळा, दोन दिवसात लूत झडती. आमच्याकडं पहिल्यापास्नं तेच लावत्यात.

मोतीची_आई:
आबा राग मानू नका पण तसलं काही सांगू नका हो, कुत्रं अंग चाटतं, ते सगळं पोटात जातं, आणि इथं तर डोळ्याच्या कडेला लावायचंय! ताई, ते ड्रॉप अजिबात घालू नका. मी हेच केलेलं. मोतीचा डोळा लाल झाला म्हणून घरातलेच ड्रॉप चार दिवस घातले, त्यात स्टेरॉईड होतं, आणि बुबुळावर ओरखडा होता हे मला कुठं माहीत. तिच्या डोळ्यात फूल पडलं ते आजही आहे, त्या बाजूनं हात नेला की दचकते.

व्हेट_होतोय_अजून:
शेवटच्या वर्षाला आहे, डॉक्टर समजू नका. पण उजेड सहन न होणं आणि डोळा मिटून घेणं म्हणजे डोळा दुखतोय, हे उद्यावर टाकू नका, आजच दाखवा. त्या ड्रॉपच्या बाटलीवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का बघा, ते स्टेरॉईड, बुबुळाला जखम असताना घातलं की जखम भरत नाही, उलट खोल जाते. डॉक्टर डोळ्यात एक रंग घालतात, जखम असेल तिथं हिरवं चमकतं, दोन मिनिटांचं काम. तोवर मेडिकलमधून सलाईनची बाटली आणा आणि कापसाचा बोळा भिजवून चिपडं हलक्या हातानं पुसा. पंजानं चोळत असेल तर गळ्यात कोन, म्हणजे ती शंकूसारखी प्लास्टिकची कॉलर घाला.

केसांचं वेगळं. पिल्लाच्या डोळ्याभोवती, तोंडाशी टक्कल आणि खाज नाही, म्हणजे बहुतेक डेमोडेक्स. हे किडे केसांच्या मुळाशी राहतात, पिल्लं आईला पितात तेव्हाच तिच्याकडून आलेले असतात, माणसाला लागत नाहीत. ब्लेडनं कातडी थोडं रक्त दिसेपर्यंत खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितलं की लांबुळके किडे दिसतात. काकू म्हणतात ती लूत दुसरी, त्यात कुत्रं रात्रंदिवस खाजवतं, कानाच्या कडा आणि कोपरं आधी जातात, आणि ती घरच्यांनाही खाज आणते. खरवडून बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, आणि न बघता कुणी स्टेरॉईडचं इंजेक्शन द्यायला लागलं तर नको म्हणा, डेमोडेक्स त्यानं अंगभर पसरतो.

माळावरचा_आबा:
बरं बाबा, ऱ्हायलं. पर ते किडं मारायचं औषध, आयवरमेक्टिन, ते तर चालतं न्हवं?

व्हेट_होतोय_अजून:
आबा, मनानं नको. कॉली जातीच्या कित्येक कुत्र्यांना त्यानं जीवावर बेततं, आणि गावठीत कुणाचं रक्त आहे कोण सांगणार. आता वजनावर मिळणाऱ्या चघळायच्या गोळ्या चांगल्या आहेत, पण फिट येणाऱ्या कुत्र्याला त्याही विचारूनच.

बंड्याची_ताई:
जाऊन आले!! डॉक्टरांनी भुलीचा थेंब घातला, आतली तिसरी पापणी चिमट्यानं उचलली आणि खालून गवताचं कुसळ निघालं, चांगलं नखाएवढं. माळावर बोंबलत फिरतो ना मेला. बुबुळावर हिरवी बारीक रेघ दिसली, अँटिबायोटिक ड्रॉप दिलेत दिवसातून चारदा, पाच दिवसांनी परत रंग घालून बघणार. खरवडल्यावर डेमोडेक्सच निघाला. म्हणजे दोन्ही आजार वेगळे, मी उगाच एकच समजत होते. चट्टे दोनच आहेत म्हणून गोळी आत्ता नाही, या वयात आपोआप जातात म्हणाले, महिन्यानं दाखवायचं, वाढले तर लगेच. धाकटीला लोळायची परवानगी मिळालीय.

मोतीची_आई:
सुटलात बाई. आणि फ्रीजमधली बाटली?

बंड्याची_ताई:
टाकली. सासरे सकाळपासून शोधतायत.