हीट मॅट आणि थर्मोस्टॅट

बॉल पायथनच्या (पाळल्या जाणाऱ्या छोट्या अजगराच्या) काचेच्या टाकीत हीट मॅट, म्हणजे खालून ऊब देणारी विजेची चटई, थेट प्लगला जोडून चालते, असं काहीजण सांगतात. कृपया तसं करू नका. थर्मोस्टॅट (तापमान ठरल्या मर्यादेत ठेवणारं उपकरण) नसलेल्या मॅटवरची काच सहज ४० अंशांच्या वर जाते, आणि पोटाला चटका बसत असतानाही साप वेळेवर बाजूला सरकतोच असं नाही.

मॅट टाकीच्या बाहेरून, तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली लावा. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅट आणि काच यांच्यामध्ये पक्का चिकटवा. आत सैल सोडला तर साप तो हलवतो किंवा ओला करतो. मग प्रोबला गारवा लागतो आणि मॅट तापतच राहते. मॅटच्या बाजूला टाकीच्या तळावरचा भुसा दोन-तीन सेंटिमीटरच ठेवा. जाड थरात उष्णता अडकते आणि साप उकरत थेट तापल्या काचेवर पोचतो. उबदार बाजूचा पृष्ठभाग ३१–३३ अंश, गार बाजू २५–२७. मॅटने हवा फारशी तापत नाही, त्यामुळे खोली थंड असेल तर वरून सिरॅमिक हीटर हवाच, तोही जाळीत आणि वेगळ्या थर्मोस्टॅटवर. त्याने हवा कोरडी पडते, म्हणून झाकणाची जाळी बरीचशी झाकून आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास राखा, नाहीतर कात तुकड्यातुकड्यांनी निघते.

लपायच्या जागा दोन, दोन्ही बाजूंना एकेक, अंगाला घासतील इतक्या अरुंद. एकच असेल तर साप ऊब सोडतो, आडोसा सोडत नाही. भुसा नारळाचा, देवदाराचा अजिबात नको.