मदत हवी आहे : पाण्याच्या बाटल्यांना पर्याय काय?

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत आमची छोटी खानावळ आणि चार खोल्या आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला पाहुणे येतात. त्याच पाहुण्यांच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं संध्याकाळी वाळूत सापडतात, हे मनाला फार लागतं.

ताटं-पेल्यांचं जमलं. पोफळीच्या विरीची (सुपारीच्या झावळीच्या रुंद देठाची) ताटं आणि स्टीलचे पेले, सोलकढीसुद्धा त्यातच. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, चमचे, स्ट्रॉ देशभर बंद आहेत, पण पाण्याची बाटली त्या यादीत नाही. आणि माझा खरा प्रश्न तोच आहे. विहिरीचं पाणी उकळून, गाळून माठात ठेवलं, तरी पाहुणे घाबरतात आणि दुकानातून बाटली घेतात. लहान मुलं सोबत असतात, त्यांची काळजी मला समजते.

तुमच्यापैकी कोणी फिल्टर बसवून बाटल्या भरून देण्याची सोय केली आहे का? खर्च किती आला, मे महिन्यात वीज गेली की काय करता? पाण्याची तपासणी कुठून करून घेता?

दुसरं, पाहुणे सुरमई, बांगडा घरी न्यायला मागतात. ओली मासळी पिशवीशिवाय मुंबईपर्यंत कशी द्यायची? केळीचं पान तिथवर टिकत नाही.

कासवाच्या घशात मागे वळलेले काटे असतात, गिळलेली पिशवी बाहेर येत नाही. म्हणून यंदाच्या हंगामाआधीच हे बदलायचं आहे. स्वतः करून पाहिलेलं असेल ते जरूर सांगा.