जुने कौटुंबिक फोटो : त्यातली माणसं कोण होती?

घरातल्या जुन्या फोटोंबद्दल लिहूया. फोटोतल्या माणसांबद्दल काय कळलं, कोणाकडून कळलं, कोणतं कोडं अजून सुटलेलं नाही, ते सविस्तर लिहा. हे आत्ताच व्हावं असं मला फार वाटतं. कागद शंभर वर्षं सहज टिकतो, पण त्यावरच्या चेहऱ्यांना नावानिशी ओळखणारी माणसं तेवढी टिकत नाहीत.

सुरुवात माझ्यापासून. पणजीच्या आईचा जाड पुठ्ठ्यावर डकवलेला तपकिरी फोटो आमच्याकडे आहे. कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर द्यायची पद्धत १८५० मध्ये आली आणि पुढे कित्येक दशकं चालली, हा त्यातलाच. ती ताठ उभी आहे, ओठ घट्ट मिटलेले. लहानपणी आम्हा भावंडांना तिची भीतीच वाटायची. मग एकदा भिंगातून बघताना तिच्या पावलांमागे लोखंडी स्टँडच्या तळाची कड दिसली. कॅमेऱ्यातल्या प्लेटवर चित्र उमटायला वेळ लागायचा, तेवढा वेळ मान हलू नये म्हणून मागून असा आधार लावत. आजी म्हणायची, घरात सगळ्यांत मोठ्यानं हसणारी तीच. आता तो चेहरा मला कडक वाटत नाही, श्वास रोखून धरलेला वाटतो.

*

आमच्याकडचा सर्वांत जुना फोटो एका बाळाचा. अंगात झालरीचा झगा, आणि बाळ बसलंय गडद कापड टाकलेल्या उंच खुर्चीवर. निदान आम्ही सगळे ती खुर्चीच समजत होतो. मी फोटो १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपके इतक्या बारकाईनं, स्कॅन केला आणि मोठा करून बघितला, तेव्हा कापडाच्या घडीतून बाळाच्या कमरेला धरलेली चार बोटं दिसली. तिथे एक बाई बसली होती. चेहऱ्यासकट तिला झाकून टाकलं होतं.

नंतर वाचलं की एकोणिसाव्या शतकात ही सर्रास चालणारी युक्ती होती. बाळ हललं की फोटो बिघडायचा, म्हणून आईनं त्याला धरायचं, पण आपण दिसायचं नाही. ती बाळाची आईच असावी असं आम्ही मानतो, खात्री करायला आता कोणी उरलेलं नाही. वाईट याचं वाटतं की त्या आईचा दुसरा एकही फोटो नाही. वंशावळीत तिच्या मुलांची नावं आहेत, नवऱ्याचं आहे, तिचं नाही. मी वंशावळ नव्यानं काढली, तेव्हा तिच्या चौकटीत त्या चार बोटांचा तुकडा लावला. घरातल्या काहींना ते विचित्र वाटलं. मला तेच योग्य वाटतं.

*

तारखांबद्दल एक सांगते. पांढऱ्या किनारीवर महिना आणि साल छापलेलं असेल, तर ते बहुधा प्रिंट तयार झाल्याचं असतं, फोटो काढल्याचं नव्हे. रोल महिनोन् महिने कॅमेऱ्यात पडून असायचा. आमच्याकडे अशा छापील तारखेवरून, एका फोटोतली तान्ही मुलगी माझी आई की मावशी, असा वाद कित्येक वर्षं चालला. त्याच रोलची निगेटिव्ह पट्टी सापडली आणि शेजारच्या चौकटीतली आजी गरोदर दिसली. म्हणजे मुलगी आई, आणि मावशी अजून यायची होती.

*

माझ्या आईवडिलांच्या लग्नाचे रंगीत फोटो लालसर होत चाललेत. अंधारात, बंद कपाटात ठेवूनसुद्धा. त्या काळच्या बऱ्याच प्रिंटमधला निळा-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी विरतो आणि मग लाल वर येतो. आजीच्या तरुणपणातले कृष्णधवल फोटो मात्र अजून स्वच्छ आहेत, कारण ती प्रतिमा चांदीच्या कणांची असते. मधल्याच पिढीचे फोटो आधी जातील असं कधी वाटलं नव्हतं. स्कॅन करायला घ्याल तेव्हा रंगीत आधी घ्या. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, दात साफ करायचा बारीक दोरा हळूहळू मागून सरकवा.

*

आमच्या एका समूहचित्रातून एक माणूस कात्रीनं कापलेला आहे. अगदी नीट, बाह्यरेषेवरून. शेजारच्या काकूंच्या खांद्यावर त्याची बोटं तेवढी राहिलीत. घरात कोणी बोलत नाही, मीही विचारणं सोडलं. पण तो फोटो मी तसाच ठेवलाय. कोणी म्हणालं, डिजिटल प्रत दुरुस्त करून ती जागा भरून टाक. नको. कापणाऱ्याला काहीतरी सोसावं लागलं असेल, तेही त्या फोटोतच आहे.

*

माझी आत्या वडिलांपेक्षा बरीच मोठी. अलीकडे तिला कालचं आठवत नाही, पण फोटो हातात दिला की बोलायला लागते. मी फोन रेकॉर्डिंगला लावून शेजारी बसते. ‘हा कोण?’ असं विचारलं तर ती गोंधळते. ‘इथे काय चाललं होतं गं?’ म्हटलं की सगळं येतं : कोणाचा झगा कोणी शिवला, कोण रुसून बाजूला उभं राहिलं.

अंगणातल्या एका फोटोत कडेला उभा असलेला मुलगा आम्ही शेजारचा समजायचो. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं आणि त्याचं लाडाचं नाव घेतलं. तो तिचा पाठचा भाऊ, तापात गेलेला. वडिलांचा जन्म त्यानंतरचा. आपल्याला आणखी एक भाऊ होता हे त्यांना या वयात कळलं. ते बराच वेळ फोटो घेऊन बसले, मग म्हणाले, कान माझ्यासारखेच आहेत.

मागच्या बाजूला मऊ पेन्सिलनं, अगदी हलक्या हातानं, त्याचं नाव लिहून ठेवलं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आत्याकडे अजून एक खोकं आहे. रविवारी वडिलांनाही सोबत नेतेय.