एडविना शर्माला मराठी येतं म्हणे!

निशिगंधा
'ब्रिजर्टन'चा दुसरा सीझन मी उशिराच पाहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: १८१४ सालचं लंडन, उमरावांच्या घरातली लग्नं जुळवायची धामधूम आणि त्यात मुंबईहून आलेल्या दोन बहिणी, केट आणि एडविना शर्मा. मूळ इंग्रजी कादंबरीत हे घराणं शेफील्ड, अस्सल गोरं. नेटफ्लिक्सवर त्याचं शर्मा झालं.

तर धाकट्या एडविनाचे गुण सांगताना म्हणतात, तिला लॅटिन येतं, फ्रेंच येतं आणि अर्थातच मराठी नि हिंदुस्तानी. मी सोफ्यावर ताठ बसले. मग आठही भाग कान टवकारून ऐकले, पण मराठीचा एक शब्द कानावर पडेल तर शपथ! वडील कोण, तर 'अप्पा', म्हणजे दक्षिणेकडची हाक. मोठी बहीण 'दीदी'. धाकटीला हाक 'बोन', म्हणजे बंगाली. आडनाव उत्तरेकडचं आणि दोन्ही नट्या तमिळ घरातल्या. (नट्यांबद्दल तक्रार नाही, दोघी झकास आहेत.) भारत नावाच्या डब्यात हात घालून जे हाताला लागलं ते पात्रांच्या तोंडी घातलंय.

माझं म्हणणं एवढंच की याला प्रतिनिधित्व म्हणू नका. हा धंदा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातले दर उतरवले, मोबाइलचा १९९ चा प्लॅन १४९ वर आणला, ४९९ चा १९९ वर. मार्च २०२२ मध्ये मुंबईची नायिका हजर. गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून आपला रंग घेतला. आपलं गाव, आपली बोली घ्यायला मात्र कुणाला सवड नव्हती.

कोकण्या
ताई, दोन हरकती.
एक, नायिकेची निवड फेब्रुवारी २०२१ मध्येच जाहीर झाली होती. दर उतरले ते दहा महिन्यांनी. तुमचा आरोपी गुन्ह्याच्या वेळी दुसऱ्या गावात होता.
दोन, 'अप्पा' दक्षिणेतलेच कशावरून? आमच्या आळीत तीन आप्पा आहेत. त्यातले एक माझे सख्खे काका.

निशिगंधा
निवडीची तारीख मान्य, तेवढा मुद्दा मागे घेते. पण भारताची बाजारपेठ त्यांच्या डोळ्यांपुढे दर उतरवायच्या दिवशीच आली असं नाही ना? आणि काकांना नमस्कार सांगा. 'बोन' म्हणणारंही कुणी आहे का तुमच्या आळीत?

लेस्टरवाली
मी हे सगळं इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला, माझ्या चौदा वर्षांच्या लेकीबरोबर पाहिलं. एका प्रसंगात केट बहिणीच्या केसांना तेल लावते. काही घडत नाही त्यात, नुसतं बोलत बोलत तेल चोळते. माझी लेक तिसरीत असताना वर्गात "तुझ्या डोक्याला वास येतो" म्हणून हसले होते, तेव्हापासून ती शनिवारशिवाय तेल लावू देत नाही, तेही दार लावून. तो प्रसंग तिने दोनदा मागे नेऊन पाहिला. मला काही बोलली नाही. रविवारी बाटली घेऊन माझ्यापुढे मांडी घालून बसली.
आता हे कुणी नफ्यासाठी दाखवलं असेल तर असो. तुम्ही पुण्यात बसून शब्दांचे उगम मोजताय. तिथे टीव्ही लावला की सगळे आपल्यासारखेच दिसतात, म्हणून हे परवडतं.

पडद्यामागे
एका वाहिनीच्या जाहिरात विभागात अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं लांबण लावतो.
जाहिरातींवर चालणाऱ्या टीव्हीत मालिका हा माल नसतोच. माल म्हणजे प्रेक्षक. आम्ही दहा-दहा सेकंद विकायचो आणि घेणारा एकच विचारायचा, बघतंय कोण?
अमेरिकेतलं फॉक्सचं उदाहरण घ्या. १९८७ मध्ये संध्याकाळचे कार्यक्रम सुरू केले तेव्हा समोर तीन जुने पहिलवान, एबीसी, सीबीएस आणि एनबीसी. त्यांनी ज्यांच्याकडे दुर्लक्ष केलं होतं ते प्रेक्षक, म्हणजे तरुण, शहरी आणि बरेचसे कृष्णवर्णीय, फॉक्सने उचलले. १९९० मध्ये 'इन लिव्हिंग कलर', १९९२ मध्ये 'मार्टिन', १९९३ मध्ये 'लिव्हिंग सिंगल'. लेखक कृष्णवर्णीय, विनोद त्यांच्या घरातले. हेतू शंभर टक्के व्यापारी, आणि काम अव्वल!
मग डिसेंबर १९९३ मध्ये फॉक्सने त्यांच्या फुटबॉलचे, एनएफएलचे हक्क सीबीएसकडून खेचले. चार वर्षांचे सुमारे १५८ कोटी डॉलर. आता जाहिरातदारांच्या लेखी सगळ्यात महाग प्रेक्षक, फुटबॉल बघणारा, दारात आला. १९९४ मध्ये 'रॉक', 'साउथ सेंट्रल', 'सिनबाद शो' आणि 'इन लिव्हिंग कलर' असे कृष्णवर्णीयांचे चार कार्यक्रम एकाच वर्षात बंद.
'लिव्हिंग सिंगल' वाचलं. न्यूयॉर्कमधले सहा कृष्णवर्णीय मित्रमैत्रिणी. १९९४ च्या सप्टेंबरात एनबीसीवर न्यूयॉर्कमधलेच सहा गोरे मित्रमैत्रिणी आले, 'फ्रेंड्स'. दोन्ही एकाच स्टुडिओचे. पोस्टर कुणाचं लागलं ते आपल्या होस्टेलांच्या भिंतींना विचारा.
१९९५ मध्ये यूपीएन आणि डब्ल्यूबी या नव्या वाहिन्या आल्या, त्याही याच शिडीने चढल्या. २००६ मध्ये दोन्ही गुंडाळून एकच सीडब्ल्यू केली, पुन्हा शिडी काढून घेतली.
म्हणून निशिगंधाताई, "धंदा आहे" हा आरोप मला पुरेसा वाटत नाही. प्रश्न धंदा हलला की काय उरतं, हा आहे. आणि नेटफ्लिक्सचं गणित आणखी वेगळं. हा सीझन आला तेव्हा तिथे दहा सेकंद विकायचे नव्हते, वर्गणी टिकवायची होती. प्रत्येक देशातल्या घराला रद्द न करण्याचं एक निमित्त द्यायचं. 'मराठी' हा एक शब्द संवादात टाकायला खर्च शून्य.

तिरकस
खरं बोलू? 'रंग माझा वेगळा' आपल्याकडे २०१९ मध्ये सुरू झाली. विषय काय, सावळ्या मुलीची होणारी हेटाळणी. आणि त्या सावळ्या मुलीच्या भूमिकेत कोण? उजळ नटी, मेकअपने रंग गडद करून! अख्ख्या महाराष्ट्रात एक सावळी नटी मिळाली नाही. लंडनवाल्यांनी खरी सावळी मुलगी घेतली, तिला कादंबरीची नायिका केली आणि तिच्या रंगावर एकही डायलॉग ठेवला नाही. आपण त्यांच्या 'बोन'वर धागे काढतोय.

पडद्यामागे
तिरकस, त्यातलं कारणही सांगतो. नाव घेत नाही, पण आमच्याकडे एकदा सावळ्या मुलीची ऑडिशन सगळ्यांना आवडली होती. तेव्हा ब्रेकमधला मोठा जाहिरातदार गोरेपणाच्या क्रीमचा होता. मीटिंगमध्ये तिच्या रंगाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. "फेस फ्रेश वाटत नाही" एवढंच ठरलं.

निशिगंधा
तिरकस, मुद्दा झोंबला. पण शेजाऱ्याचं घर आपल्यापेक्षा स्वच्छ आहे म्हणून त्याच्याकडची कोळिष्टकं दिसू नयेत?
लेस्टरवाली, तुमच्या लेकीचं वाचून घशात आलं. तो प्रसंग खराच आहे, कारण तो लिहिणाऱ्याला तेल लावणं माहीत होतं. माझी चिडचिड जिथे माहीत नव्हतं तिथली आहे. १८१४ मध्ये पेशवेपदावर दुसरा बाजीराव होता, पुण्यात कंपनीचा रेसिडेंट एल्फिन्स्टन बसला होता, चार वर्षांत मराठी राज्य जाणार होतं. मराठी बोलणारी मुलगी तेव्हा लंडनला येऊन नाचते आणि कुणालाच काही विचारावंसं वाटत नाही?

कोकण्या
ताई, त्यात गोऱ्यांची राणीसुद्धा कृष्णवर्णीय आहे. ती गोष्टच मुळी "असं असतं तर"ची आहे. तिथे एल्फिन्स्टनला कुठे बसवताय?

लेस्टरवाली
आत्ता लेकीला विचारलं, "दीदी"च्या जागी "ताई" असतं तर आवडलं असतं का? म्हणाली, "पण मी तर दीदीच म्हणते." खरंय. आमच्या देवळातली सगळी मुलं मोठ्या मुलींना दीदीच म्हणतात, गुजराती, पंजाबी, तमिळ, आमची, सगळी. माझ्या सख्ख्या भाचीलाही ती दीदी म्हणते. मी दोन वर्षं "ताई म्हण" करून दमले. म्हणजे तो खिचडीचा डबा आमच्या घरातही आहे, नेटफ्लिक्सने आणून दिलेला नाही.

निशिगंधा
हं. हे मला सुचलं नव्हतं.
तरी १८१४ मध्ये लेस्टरला देऊळ नव्हतं!